जाणाऱ्यांच्या गल्लीतला कोच

बसा, मित्रांनो, बसा. फक्त उजव्या अंगाला बसू नका. तिकडची स्प्रिंग वर आली आहे आणि ती लहानथोर ओळखत नाही. मधे बसा. मधला भाग अजून मऊ आहे. हां, आता कसं!

मी एक जुना कोच आहे. रंग विचाराल तर एके काळी मोरपंखी होता. आता त्याला काय म्हणावं ते मलाच कळत नाही. मागे एक मुलगी म्हणाली, "शेवाळी आहे." दुसरी म्हणाली, "शेवाळी कसला, ते शेवाळंच आहे!" दोघी पोट धरधरून हसल्या. मीही हसलो असतो, पण मी हसलो की माझ्या पोटातून भुसा पडतो.

माझा मुक्काम न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडच्या एका विद्यापीठाच्या शहरात. लिंडरी स्ट्रीट नावाची एक उतरती गल्ली आहे, तिच्या अगदी तळाशी, एका लाकडी घराच्या व्हरांड्यात. इथं घरोघरी कोच व्हरांड्यातच असतात. ऊन पडलं की पोरं बाहेर येऊन आमच्यावर लोळतात. पाऊस आला की पोरं आत जातात आणि आम्ही बाहेरच राहतो. आमच्या शहरात ऊन कमी आणि पाऊस फार. त्यावरून माझ्या सोबतीचा हिशोब तुम्हीच करा.

जन्मलो तेव्हा असा नव्हतो हो! इथल्या रिमू झाडाच्या लाकडाचा माझा सांगाडा, वर मेंढीच्या लोकरीचं जाड कापड. मला बनवणारा कारागीर तोंडात खिळे धरून काम करायचा, त्यामुळे दिवसभर त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. शेवटचा खिळा ठोकला तेव्हा कुठे त्याचं तोंड मोकळं झालं. मला थोपटून तो म्हणाला, "जा बाबा. चार माणसं बसव."

चार माणसं! पहिल्या घरात तर माझ्यावर कुणी बसायचंच नाही. एका पियानो शिकवणाऱ्या बाईंचं घर होतं ते. पाहुण्यांच्या खोलीत मला ठेवलं आणि मुलांना ताकीद दिली की कोचाला हात लावायचा नाही. सगळे येताजाता माझं कौतुक करायचे आणि बसायचे मात्र स्वयंपाकघरातल्या बाकावर. पुढे मुलं मोठी होऊन पांगली, बाई लेकीकडे राहायला गेल्या, आणि मला रस्त्याच्या कडेला काढून ठेवलं. अंगावर पाटी होती, "हवा त्यानं न्यावा." त्या पाटीइतकं मला आयुष्यात काही लागलं नाही. हवा त्यानं! म्हणजे ज्यांचा होतो त्यांना नकोच होतो ना?

मग तीन पोरांनी मला उलटं करून डोक्यावर घेतलं आणि या गल्लीत आणलं.

ही गल्ली म्हणजे जाणाऱ्यांची गल्ली. फेब्रुवारीत मुलं येतात, नोव्हेंबरात जातात. काही जण पुढच्या वर्षी परत येतात, पण त्याच घरात नाही. चार घरं वर, नाहीतर समोरच्या बाजूला. फेब्रुवारीत गल्लीतून गाद्या चालत असतात, खाली फक्त पाय दिसतात! या धावपळीत कुणाचा एक बूट राहतो, कुणाचा स्वेटर, कुणाची किटली. मागे राहिलेलं सगळं माझ्यावर आणून ठेवायचं, अशी इथली रीत पडली आहे. ज्याचं त्यानं येऊन न्यावं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. "कोचावर ठेवलं म्हणजे तिजोरीत ठेवलं," असं इथली पोरं म्हणतात. हा माझा एकुलता एक मान.

आणि एक भीतीही आहे. फार आनंद झाला की कोच जाळायचा, अशी इथल्या काही पोरांना खोड आहे. सामना जिंकला, जाळा कोच. वर्ष संपलं, जाळा कोच. समोरच्या व्हरांड्यात एक तांबडा कोच होता. आम्ही कधी बोललो नाही, कोच बोलत नाहीत. पण समोर आपल्यासारखं कुणीतरी आहे, एवढं पुरतं एखाद्याला. तो गेला एका जिंकलेल्या सामन्यात. त्या जागी आता डांबरावर काळा डाग आहे. पुष्कळ वर्षं मी त्या डागाकडे बघत बसलो.

असं सगळं चाललेलं असताना रिपेका आली.

रिपेका लांबून आलेली, पलीकडच्या बेटावरच्या वाइरोआची. माओरी, म्हणजे या देशातल्या मूळ लोकांतली मुलगी. उंच, मोठ्यानं हसणारी. तिच्या घरी जेवायला बसलं की कुणाच्या ना कुणाच्या कोपराचा धक्का लागायचा, असं ती सांगायची. इथं घरात पाच जण होते आणि पाच बंद दारं. दुधाच्या बाटलीवरसुद्धा प्रत्येकाचं नाव! ती संध्याकाळी माझ्यावर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि आईला फोन लावायची.

"हो गं मम, छान आहेत सगळे. जेवले ना! नाही गं, एकटी कुठं? अख्खं घर भरलंय."

फोन ठेवला की तोंड माझ्या पाठीत खुपसून रडायची. अख्ख्या घरात तिचं रडणं फक्त मला ऐकू यायचं. मला हात असते तर! पण कोचाला हात नुसते नावाला असतात.

मेमध्ये, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडावर, पहिला मोठा पाऊस झाला आणि गल्लीच्या तळाशी नेहमीसारखं पाणी भरलं. जमिनीखालचा पाइप जुना आणि अरुंद. पाणी आत मावलं नाही की गटारातून उलटं वर येतं, आधी आमच्या अंगणात आणि मग शेजारी इस्बिस्टरबाईंच्या थेट स्वयंपाकघरात. इस्बिस्टरबाई म्हणजे या गल्लीत कायमचं राहणारं एकच माणूस. लग्न होऊन याच घरात आल्या, नवरा याच घरातून गेला. त्या दिवशी ऐंशीच्या घरातल्या त्या बाई खराट्यानं पाणी दाराबाहेर ढकलत होत्या आणि पाणी परत आत येत होतं.

रिपेका व्हरांड्याचा कठडा ओलांडूनच धावली. "आन्टी, द्या तो खराटा इकडे!"

"मी कुणाची आन्टी? मला एकच भाऊ होता आणि त्याला मूलबाळ नाही."

"आमच्याकडे म्हाताऱ्या बाईला आन्टीच म्हणतात."

"म्हातारी कोण?"

"खराटा द्या आधी, मग भांडू!"

दोघींनी मिळून पाणी काढलं. मग बाईंनी चीज घालून गुंडाळलेले, लोणी लावून भाजलेले पावाचे रोल केले आणि ताटली घेऊन त्या आमच्या व्हरांड्यात आल्या. त्यांच्या घरात बसायला कोरडी जागाच नव्हती. दोघी माझ्यावर बसल्या. एकीची पाठ ताठ, दुसरीचे पाय वर. कितीतरी दिवसांनी माझ्यावर बसलेली दोन माणसं एकमेकांशी बोलत होती.

"माझा मुलगा कॉलिन ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला असतो," बाई म्हणाल्या. "रोज फोनवर तेच. आई, घर वीक. आई, ये इकडे. त्याचंही बरोबर आहे म्हणा. दर हिवाळ्यात गालिचा फेकायचा म्हणजे काय! ऑक्टोबरात पालिकेची निवडणूक आहे, तोवर थांब म्हटलंय त्याला. हा पाइप बदलणारं कुणी निवडून आलं तर राहते. नाहीतर पेट्या भरते."

"आणि तिकडे करमेल तुम्हाला?"

बाईंनी रोलचा कोपरा मोडला. "तिकडे उन्हाळ्यात पाऊस पडतो म्हणे," एवढंच म्हणाल्या.

तर मित्रांनो, प्रश्न असा साधा होता. पाइप झाला तर इस्बिस्टरबाई राहणार. नाही झाला तर त्या जाणार, आणि मग या गल्लीत जाणारे तेवढे उरणार.

काही दिवसांनी आमच्या भागाचे नगरसेवक मिस्टर पोलक प्रचाराला आले. चांगला गरम कोट, हसरा चेहरा. ते फक्त इस्बिस्टरबाईंच्या दाराशी गेले. ते परत जात असताना रिपेकानं माझ्यावरूनच हाक मारली, "ओ मिस्टर पोलक! आमच्याही घरात पाणी येतं!"

"तुम्ही नोव्हेंबरात जाणार ना, बाळ?" ते गोड हसून म्हणाले. "मग पाण्याचा त्रासही संपेल. पाहुण्यांना विचारून कुणी घराचे नळ बदलतं का? आणि खरं सांगू, या गल्लीत मत देतं कोण? त्या एक बाई."

गेले. रिपेकाची कानशिलं लाल झाली. मग तिनं माझ्या हातावर अशी बुक्की मारली की आजूबाजूला धूळच धूळ झाली. मला राग आला नाही. राग तिनं माझ्याजवळ काढला, म्हणजे मी तिचा कुणीतरी होतो.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं आणि घरातल्या एकानं मला उचलून फुटपाथवर नेलं. माझ्या पाठीवर पुठ्ठा लावला: "बसा. मतदारयादीत नाव नोंदवा. रोल खा." इस्बिस्टरबाई रोल भाजत होत्या, रिपेका ओरडत होती. आणि पोरं आली हो! पण रोल खाऊन सगळे एकच सांगायचे.

"नाव? माझं आहे की!"

"मी अठराची झाले त्याच आठवड्यात नोंदवलं!"

"अगं, गेल्याच वर्षी होस्टेलवर येऊन नोंदवून घेतलं सगळ्यांचं."

रिपेका आनंदानं वेडी झाली. "आन्टी, सगळ्यांची नावं आहेत! मला वाटलं होतं एकेकाला धरून आणावं लागेल. आता नुसत्या मतपत्रिका टपालानं घरी यायच्या, खुणा करायच्या, झालं. पोलकसाहेबांची चांगली जिरवू!"

आमच्याकडे पालिकेची मतपत्रिका टपालानं घरी येते. ती भरून नारिंगी पेटीत टाकायची. तशी एक पेटी वरच्या सुपरमार्केटात असते.

सप्टेंबर उजाडला. मतपत्रिका आल्या. रिपेकानं धावत जाऊन टपालपेटी उघडली आणि लिफाफे हातात घेऊन माझ्यावर मटकन बसली. स्प्रिंगवरच बसली, पण तिला कळलंसुद्धा नाही. एकाही लिफाफ्यावर घरातल्या कुणाचं नाव नव्हतं. सगळी नावं परकी. या घरात गेल्या वर्षी राहून गेलेल्यांची!

वर बघते तर गल्लीभर तेच. घराघराच्या पेटीत दुसऱ्याच कुणाच्या मतपत्रिका. कुणी त्या कचऱ्यात टाकल्या होत्या, कुणाच्या अंगणात भिजत पडल्या होत्या.

इस्बिस्टरबाई कुंपणाशी आल्या. "काय गं, तोंड का असं?"

"आन्टी, माझीच आली नाही. ती होस्टेलवर गेली असणार. मी गेल्या वर्षी तिथं होते."

"नंतर पत्ता बदलला नाहीस?"

रिपेकानं नकारार्थी मान हलवली.

"आणि इथं बसवून सगळ्यांना काय विचारलंस?"

"नाव आहे का, असं."

"आणि पत्ता?"

रिपेकानं हातांनी तोंड झाकून घेतलं. तिनं गल्लीतल्या प्रत्येकाला नाव विचारलं होतं, पत्ता एकालाही नाही. स्वतःलासुद्धा नाही! पण मला सांगा, जिथं दर फेब्रुवारीत सगळी गल्लीच चार घरं सरकते, तिथं दुसरी कुठली चूक होणार? इथं कुणाला आपण कुठं राहतो हे लिहून ठेवण्यासारखं वाटतच नाही. आज आहोत, उद्या नाही.

"गेलं सगळं," रिपेका म्हणाली. "भरा पेट्या तुम्ही."

बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्यावर कुणाचा तरी एक बूट पडला होता, त्याच्याकडे.

"पोरी," त्या म्हणाल्या, "या गल्लीत मागे राहिलेला बूट मालकाला कसा मिळतो गं?"

रिपेकानं बुटाकडे बघितलं, हातातल्या लिफाफ्यांकडे बघितलं, आणि अशी किंचाळली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं!

तिनं आधी निवडणूक कचेरीत फोन करून विचारून घेतलं. दुसऱ्याचा लिफाफा फोडायचा नाही, हे पक्कं. पण तसाच बंद लिफाफा ज्याच्या नावाचा त्याच्या हातात पडला तर हरकत नाही. मग मला पुन्हा फुटपाथवर नेलं. नवा पुठ्ठा लागला: "तुमच्या पेटीतले परके लिफाफे इथं ठेवा. तुमचा इथून न्या. गेल्या वर्षी होस्टेलवर होतात? तुमची मतपत्रिका तिथल्या मेजावर पडून आहे. स्वतः जाऊन आणा!"

मित्रांनो, ते दिवस! पाऊस आला की इस्बिस्टरबाई माझ्यावर मेणकापड टाकायच्या. रिपेका एकेक लिफाफा उंच धरून नाव पुकारायची.

"जास्पर लिडल कोण?"

"तो आता निळ्या घरात!"

"निळ्या नाही रे, निळ्याच्या मागच्या!"

"अरे जास्पर, तुझं मत माझ्या घरी मुक्काम करून आलं!"

वर्षभर एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहणारी पोरं पहिल्यांदा एकमेकांची नावं घेत होती. "तू माझ्या खोलीत होतास? मग ती खिडकी उघडायची कशी ते सांग ना!" माझ्यावर दाटीवाटीनं माणसं बसत होती, कोपरं लागत होती. रिपेका संध्याकाळी आईला सांगत होती, "मम, नंतर करते गं फोन, इथं गर्दी आहे." आणि हे ती खरं सांगत होती.

शनिवारी दुपारी बारा वाजता मतदान संपणार होतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी, विद्यापीठाचे वर्षाचे तास संपले. म्हणजे आनंदाचा दिवस. आणि आनंदाच्या दिवशी इथं कोचाचं काय करतात ते मी सांगितलंच आहे.

रिपेका नारिंगी पेटीकडे गेली होती. माझ्यावर थोडे लिफाफे उरले होते आणि राखणीला इस्बिस्टरबाई तेवढ्या शेजारी उभ्या. वरून लॅक्लन आला. गल्लीतला सर्वांत धिप्पाड पोरगा, मागे त्याचे दोस्त.

"तास संपले! चला, घ्या याला रस्त्याच्या मधोमध!"

त्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. मला समोरचा काळा डाग दिसला. आणि तेवढ्यात इस्बिस्टरबाई सावकाश आल्या, स्कर्ट सारखा केला, आणि माझ्यावर बसल्या. बरोबर मधे.

"बाई, उठा ना. कोच जाळायचाय," लॅक्लन अदबीनं म्हणाला.

"जाळा की. मी कुठं नाही म्हणते? फक्त मला उठायला वेळ लागतो. गुडघे."

"किती वेळ?"

"आज उठेन असं वाटत नाही."

पोरं हसली. लॅक्लन डोकं खाजवत उभा राहिला. एवढ्यात रिपेका धावत आली. एका नजरेत तिनं सगळं ओळखलं आणि उरलेले लिफाफे हातात घेतले.

"लॅक्लन, तुझा कुठाय यात?"

"माझा नसणार. माझा विंटनला जातो, घरी. आमच्या शेतावर."

"म्हणजे तू तिकडचं मत देणार?"

"देणार होतो. आईनं फोटो पाठवला होता उमेदवारांचा. कुणीतरी मेंढ्यांच्या रस्त्याबद्दल बोलत होता, त्याला दिलं असतं... पण लिफाफा तिकडेच राहिला."

"किती वर्षं राहतोयस इथं?"

"चौथं."

"आणि चारी हिवाळे बूट ओले."

"ते आहेच."

"म्हणजे पाय इथं भिजवायचे आणि मत विंटनच्या मेंढ्यांना!"

दोस्तांनी लॅक्लनची अशी खेचली की विचारू नका. एकानं तर मेंढीसारखं बें-बें केलं. लॅक्लनही हसला, पण मग जरा गंभीर झाला. "हे बघ रिपेका, मी पुढच्या महिन्यात जाणार कायमचा. पाइप होईल तेव्हा मी इथं नसेन. तूही नसशील. आपला काय संबंध?"

पोलकसाहेबांना द्यायचं राहिलेलं उत्तर तिला तेव्हा सापडलं, असं मला वाटतं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"हा कोच कुणाचा रे?"

"कुणाचा म्हणजे? गल्लीचा."

"कुणी आणला?"

"काय माहीत. आधीच्या कुणीतरी."

"ती पोरं गेली ना? आणि जाताना हा ठेवून गेली. चार वर्षं तू यावर लोळलास. तुझ्या कामाची प्रत्येक गोष्ट कुणीतरी गेलेल्यानं ठेवलेली आहे. आणि तू काय ठेवून जाणार? डांबरावर डाग?"

लॅक्लननं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे असं कुणी बघत नाही, मित्रांनो. बसण्याआधी माणूस कोचाकडे बघतो ते निराळं.

"आता काय उपयोग पण? वेळ गेली ना?"

"कचेरी संध्याकाळपर्यंत उघडी आहे. आज पत्ता बदलून तिथल्या तिथं विशेष मत देता येतं."

लॅक्लननं खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या. त्याची मागे उघडी असलेली शेतावरची गाडी होती. "कोण कोण विंटनवाले आहेत?" तो गल्लीभर ओरडला. "ज्यांचे पत्ते आईकडे आहेत ते सगळे चला!" किती दारं उघडली म्हणून सांगू! पहिली फेरी भरून गेली, ती उतरवून तो परत आला. इस्बिस्टरबाई तोवर माझ्यावरच बसून होत्या. गुडघे, म्हणे.

निकाल लागला. मिस्टर पोलक पडले, अगदी थोडक्यात. बस चालवणाऱ्या फेआगाईबाई निवडून आल्या. त्या प्रचारात आमच्या तळाला गमबूट घालून आल्या होत्या आणि गटारात वाकून बघून पाइप बदलायचा शब्द दिला होता. निकालाची बातमी घेऊन रिपेका कुंपणावरून ओरडली तेव्हा इस्बिस्टरबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. आत गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं, त्यांनी बांधून ठेवलेली एक पेटी उघडली आणि कागदात गुंडाळलेले चहाचे कप एकेक करून परत फळीवर मांडले.

माझी गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं!

पण नोव्हेंबर आला. लॅक्लन गेला. जास्पर गेला. रिपेकाचं शिक्षण पुरं झालं होतं, तिला घराजवळच्या शाळेत नोकरी मिळाली. तिनं इस्बिस्टरबाईंना घट्ट मिठी मारली, दोघी खूप वेळ तशाच उभ्या होत्या. मग विमानतळाची गाडी आली, घाई झाली, पिशव्या, हाका, आणि ती गेली. माझ्याकडे बघायचं राहून गेलं तिचं. राहतं तसं. मी काही मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे, घेतलं थोडं.

पाइपाचं काम जानेवारीत सुरू झालं. रस्ता खणला, जुना कुजका पाइप निघाला, नवा भलामोठा पाइप दोरखंडानं खाली सोडला. आणि बघायला कोण? गल्ली ओस. ज्यांनी हे घडवून आणलं त्यांच्यातलं एकही माणूस नव्हतं. इस्बिस्टरबाई एकट्या कुंपणाशी उभ्या राहून कामगारांना रोल द्यायच्या. "हे सगळं पोरांनी केलं बरं का," त्या सांगायच्या. कामगार विचारायचे, "कुठल्या पोरांनी?" बाई गल्लीभर नजर फिरवायच्या. दाखवायला कुणीच नसायचं.

फेब्रुवारीत नवी पोरं आली. नव्या गाद्या, नवे पाय. मला बघून एक जण नाक मुरडून म्हणाली, "ई, याला वास येतो!" येतो खरा.

आणि मग पहिला मोठा पाऊस झाला. धो धो. शेजारचं दार उघडलं. इस्बिस्टरबाई सवयीनं खराटा घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पाणी यायची वाट बघत राहिल्या. जमिनीखालून नुसता आवाज येत होता, घळघळ घळघळ, समुद्राकडे जाणारा. वर एक थेंब आला नाही. बाई बराच वेळ थांबल्या. मग कुणाला तरी सांगावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. सगळी दारं बंद होती. दारांमागे सगळी अनोळखी.

त्या खराटा घेऊनच आमच्या व्हरांड्यात आल्या आणि माझ्यावर बसल्या. फोन लावला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "खराटा कोरडा आहे."

पलीकडून रिपेकाचा आवाज आला, अगदी बारीक. "आन्टी... परत एकदा सांगा."

बाईंनी परत सांगितलं. फोन मात्र कुणी ठेवला नाही. पाऊस तिकडे ऐकू जावा म्हणून बाईंनी तो बाहेर धरला होता.

तेवढ्यात ती नाक मुरडणारी मुलगी दार उघडून बाहेर आली. नवख्या ठिकाणी माणूस उभं राहतं तशी, दाराला चिकटून.

"तुम्ही शेजारच्या ना? काही हवंय का?"

"नाही गं. पाऊस बघतेय."

"केवढा हा! इथं पाणी साचतं का हो?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. सगळं सांगतील असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "नाही. इथं नाही साचत." आणि जरा सरकून त्यांनी तिला जागा करून दिली. ती बसली. वास विसरली बहुतेक.

मित्रांनो, बाईंनी सांगितलं नाही म्हणून मी सांगितलं. तुमच्या पायाखाली जमीन कोरडी असेल, खिडकीची काच धड असेल, रस्त्यावर दिवा लागत असेल, तर समजा की तो कुणीतरी लावून गेलं आहे. त्याचं नाव तुम्हाला कळणार नाही, आणि तुमचंही पुढच्याला कळणार नाही. चालायचंच. पण तुम्ही अठराचे झालात की आठवणीनं नाव नोंदवा, आणि घर बदललंत की त्याच आठवड्यात पत्ता बदला. वर्षभरच राहणार असाल तरी बदला. कुणी गोड हसून तुम्हाला पाहुणे म्हणालं तर लाजून गप्प बसू नका. आम्हा कोचांकडे पाहुणा आणि घरचा असा भेद नसतो. आमचा कायदा एकच: जो बसला, तो इथलाच.